गोळी कोणी झाडली ते कळलं, जमिनीची फाईल कुठे आहे?

‘मुंबई सागा’ २०२१ मध्ये आला. जॉन अब्राहम, इम्रान हाश्मी आणि धडाधड गोळ्या. मिलमालक भररस्त्यात मारला जातो, त्याची बायको मारेकऱ्यावर बक्षीस लावते आणि तिथून पुढे सगळा सिनेमा पोलिस विरुद्ध गँगस्टर. ज्या मिलसाठी खून झाला त्या मिलचं पुढे काय झालं, हे सिनेमाला विचारावंसंच वाटत नाही. माझं भांडण तिथे आहे.

मूळ प्रकरण जुन्या मंडळींना आठवत असेल. ७ मे १९९४. खटाव मिलचे सुनीत खटाव यांना महालक्ष्मीला त्यांच्या गाडीतच गोळ्या घातल्या. पोलिसांनी अमर नाईक टोळीचं नाव घेतलं. खटावांना भायखळ्याची मिल बोरिवलीला हलवायची होती, भायखळ्याची जागा विकायची होती. त्याला कामगारांची संमती हवी होती, म्हणून युनियन कोणाच्या मुठीत हा प्रश्न आला, आणि टोळ्या मध्ये पडल्या. १९९६ मध्ये नाईक पोलिस चकमकीत गेला. १६ जानेवारी १९९७ ला पवईत डॉ. दत्ता सामंतांचा खून झाला. या सगळ्यावर सिनेमा निघतो, कारण यात पिस्तूल आहे.

आता बिनपिस्तुलाचा भाग बघा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ नंबरचा नियम होता. मिलची जमीन विकसित करायची तर साधारण तीन वाटे: एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती आली की वाटणी फक्त आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचीच करायची. मिलच्या शेड ज्या जमिनीवर उभ्या, ती वाटणीतून बाहेर. मिलमध्ये मोकळी जागा असते किती? मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ही दुरुस्ती कायम ठेवली. एका दुरुस्तीने जेवढी जमीन हातातून गेली, तेवढी कुठल्या टोळीने आयुष्यात हलवली नसेल. यावर सिनेमा काढा म्हटलं तर निर्माता हसेल.

१९९३ चा ‘रायझिंग सन’ हा हॉलिवूडपट या बाबतीत थोडा बरा. शॉन कॉनरी, वेस्ली स्नाइप्स. लॉस एंजेलिसला जपानी कंपनीच्या इमारतीत एका मुलीचा खून होतो आणि त्याच कंपनीचा एक अमेरिकन चिप कंपनी विकत घेण्याचा व्यवहार चालू असतो. खुनाचा धागा व्यवहाराशी जोडलेला आहे, हे तरी तो दाखवतो. पण प्रेक्षकाला आधी संशय घ्यायला लावतो तो जपान्यांचा. मायकेल क्रायटनच्या कादंबरीत खुनी जपानीच आहे, सिनेमात तो बदलून अमेरिकन केला. (पाहिला नसेल तर माफी, तीस वर्षं वेळ होता.)

हे आपल्याला नवीन नाही. भिवंडीत काहीही घडलं की पहिला प्रश्न ‘कुठला आहे?’ यूपीचा, बिहारचा, आंध्रचा की इथलाच? कोणत्या मोहल्ल्यातला? उत्तर मिळालं की अर्ध्या लोकांची चौकशी तिथेच संपते.

आणि या गोष्टीत भिवंडी काही बाहेरची नाही. १९८२ चा संप चालू असताना मिलमालकांना कापड मिळत होतं, ते आपल्या लूमवरून. गिरणगाव बुडालं, आपले कारखाने वाढले. आता ते लूमही भंगारात चाललेत. मानकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर, जिथे भातशेती होती तिथे गोदामांची कंपाउंड उभी आहेत. अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्टचा माल आपल्या दारातून जातो. जमीन आगरी शेतकऱ्याची, गाळा कोणाचा, भाडेकरू बंगळुरूचा किंवा अमेरिकेचा, पाठीवर पोतं परप्रांतीय हमालाच्या. आसपासच्या ६० गावांसाठी नियोजन प्राधिकरण एमएमआरडीए, पण अनेकांच्या हातात ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती, तीच ते परवानगी म्हणून दाखवतात. घरपट्टी म्हणजे परवानगी नव्हे, हे मी किती वेळा लिहिलं असेल!

२९ एप्रिल २०२३ ला वळपाड्यात वर्धमान कंपाउंडमधली इमारत कोसळली. खाली गोदाम, वर राहती कुटुंबं. ८ माणसं गेली. मालकाला सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात अटक झाली. त्याआधी २१ सप्टेंबर २०२० ला पहाटे जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर पडली होती, तीसपेक्षा जास्त मृत्यू. दोन्ही वेळा चार दिवस कॅमेरे होते, मग गेले. एवढी माणसं एखाद्या टोळीने मारली असती तर आतापर्यंत दोन वेबसीरिज आल्या असत्या.

मला भिवंडीवर थ्रिलर चालेल, अगदी शिट्ट्या मारून बघेन. फक्त त्यातल्या इन्स्पेक्टरने गल्लीत धावण्याआधी एकदा तलाठ्याकडे जावं, सातबारा आणि त्यावरचे फेरफार काढावेत, एनए कधी झाली, नकाशावर सही कोणाची आहे ते बघावं. तो करणार नसेल तर आपण करू. तुमच्या गल्लीतला कारखाना पाडून तिथे टॉवर किंवा गोदाम उभं राहत असेल, तर बाहेर परवानगीचा बोर्ड आहे का बघा. असेल तर फोटो पाठवा. नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहून देतो, सही तुमची.