रानाची बाराखडी

गेल्या वर्षीं आमच्या वर्गाची सहल बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत न्यावयाचें ठरलें, तेव्हां एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं मला विचारलें, "तेथें बिबळे आहेत, मग मुलांना नेतां कशाला?" प्रश्न वात्सल्यांतून आलेला होता. तथापि माझें उत्तर असें कीं, तेथें बिबळे आहेत म्हणूनच मुलांस नेलें पाहिजे.

सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें हें रान मुंबई व ठाणे या शहरांच्या कुशींत आहे. ज्यांचें पाणी मुंबई पिते ते विहार व तुळशी तलाव याच रानांत आहेत. आपण रानाचे शेजारी आहोंत, आणि शेजाऱ्याची ओळख नसणें फार महाग पडतें. इ. स. २००४ सालीं उद्यानाच्या आसपास बिबळ्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसें मृत्युमुखी पडलीं. त्या काळीं अन्यत्र पकडलेले बिबळे आणून येथें सोडीत असत. आपल्या ठिकाणाहून उठविलेलें जनावर परक्या मुलखांत अधिक धोक्याचें होतें, असें मत पुढें अभ्यासकांनीं मांडलें. २०११ सालीं वनखातें, अभ्यासक व नागरिक यांनीं मिळून लोकशिक्षणाचें कार्य आरंभिलें. त्यांचे धडे साधे होते. उकिरडा वाढला कीं कुत्रीं जमतात, आणि कुत्र्यांमागें बिबळ्या येतो. अंधार पडल्यावर लहान मुलास एकटें सोडूं नये. बिबळ्या दिसल्यास गर्दी करून त्याची कोंडी करूं नये. यांत शौर्य नाहीं, केवळ ज्ञान आहे. परंतु तेंच प्राण वांचवितें.

उद्यानांतील निसर्ग माहिती केंद्र म्हणजे चित्रें पाहत घटकाभर विसावण्याची जागा, असें कित्येकांस वाटतें. माझ्या मतें तेथें रानाची बाराखडी शिकावयाची असते. अक्षरें न येणाऱ्यास पुस्तक जसें नुसतें काळें, तसें रान नुसतें हिरवें दिसतें. कारवीचेंच उदाहरण घ्या. सात वर्षें हें झुडूप केवळ पानें धरतें. आठव्या वर्षीं सारा डोंगर जांभळा करतें, बीं टाकतें आणि मरतें. २०१६ व २०२४ सालीं येथें असा बहर आला. पुढचा बहर २०३२ सालीं अपेक्षित आहे. आज पांचवींत असलेला विद्यार्थी तोंवर शाळा सोडून गेलेला असेल. परंतु ज्यानें कारवी ओळखली, तो ती पाहावयास परत येईल.

यास्तव प्रत्येक इयत्तेस वर्षांतून एक दिवस तेथें न्यावें: आधीं केंद्रांत शिकावें, मग जाणत्या वाटाड्यासह मुकाट्यानें रानवाट चालावी. आणि पालकांनींही बरोबर यावें. कारण उकिरडा मुलें करीत नाहींत. तो आपण मोठीं माणसें करतों. ते गृहस्थ त्या दिवशीं आले नाहींत. यंदा त्यांनीं अवश्य यावें, अशी माझी नम्र विनंति आहे.