वाचून दाखवणारा फोन

मुलांच्या हातातल्या फोनला आपण रोज नावं ठेवतो. मीही ठेवते. पण आज बोलणार आहे ते त्याच्याच बाजूनं!

यवतमाळला मी शिकवते, तिथल्या एका मुलीची नजर फार अधू. पुस्तक नाकाशी धरलं तरी ओळ सुटायची. नववी झाली नि आई म्हणाली, "बाई, पुरे झालं शिक्षण. अपंगाचा दाखला काढला की गावभर होईल. उद्या लग्नाचं पाहायचं आहे." काय बोलणार!

शेवटी आईच्याच फोनमधलं 'टॉकबॅक' सुरू केलं. ते बहुतेक स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये असतं. अ‍ॅपल असेल तर नाव वेगळं. बोट ठेवाल ते फोन बोलून सांगतो, दोनदा टेकवलं की उघडतो, पान सरकवायला दोन बोटं लागतात. हे ठाऊक नसलं तर फोन बिघडला असंच वाटतं! धड्यासाठी 'गूगल लेन्स'. पानाचा फोटो काढायचा, 'ऐका' दाबायचं. पान सपाट हवं, उजेड भरपूर. अपूर्णांक मात्र भलतेच वाचतो. ते आई वाचून दाखवते. सातवी शिकलेली आई, बरं का!

४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला असला, तर दहावीला लेखनिक मिळतो, तासाला २० मिनिटं जादा मिळतात. परवा आईनंच विचारलं, "बाई, दवाखान्यात कोणत्या वारी जायचं?"

यूडीआयडीचा अर्ज आधी ऑनलाइन भरावा लागतो. रविवारी तो मुलगीच भरणार आहे, आम्ही दोघी शेजारी बसणार.