झाडपाला आणि अल्कोहोल



जुनी पेटंट औषधे झाडपाल्याची, म्हणून निर्धोक, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे पटले नाही. अमेरिकेत १८७५ पासून विकले गेलेले लिडिया पिंकम यांचे ‘व्हेजिटेबल कंपाउंड’ घ्या. त्यात औषधी मुळ्या होत्या, आपली मेथीही होती. शिवाय सुमारे १८ टक्के अल्कोहोल! दारूबंदीवाल्या घरांतही ते बिनदिक्कत चाले. ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ तर दात येणाऱ्या बाळांसाठी, त्यात मॉर्फिन. बाळे शांत झोपत, काही उठतच नसत. असे घटक लेबलावर छापण्याची सक्ती १९०६ च्या कायद्याने केली, तोवर गिऱ्हाईक अंधारातच. आपल्या आसव-अरिष्टांतही आंबवण्यातून मद्यार्क तयार होतो. पत्रलेखकांनी घरातल्या बाटलीचे लेबल एकदा जरूर वाचावे.

— एक वाचक, सातारा