भविष्य की मागाहून लावलेला अर्थ?

नॉस्ट्राडेमसने हिटलरचे भाकीत केले होते, असे अनेकजण ठासून सांगतात. त्याचे पुस्तक प्रथम १५५५ मध्ये निघाले. त्यातला शब्द ‘हिटलर’ नसून ‘हिस्टर’ आहे, आणि ते डॅन्यूब नदीचे जुने लॅटिन नाव! दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि ब्रिटन, दोघांनीही त्याच्या नावावर आपापल्या विजयाची भाकिते छापून वाटली. एकाच ज्योतिषाच्या तोंडून दोन्ही बाजू जिंकत असतील, तर ते भविष्य नव्हे, प्रचाराचे हत्यार आहे. म्हणून एवढेच विचारावे: घटना घडण्यापूर्वी कोणी स्थळ-काळ स्पष्ट सांगितला होता का? आपल्यापैकी काही छात्रांना उद्या जवानांच्या प्राणांची जबाबदारी घ्यायची आहे. तेव्हा भरवसा नकाशावर आणि टेहळणीवर ठेवावा, भाकितावर नव्हे.