एम४५ की एम५४?

वाङ्मय मंडळाच्या अंकात आजारांच्या कोडवर लेख कशाला, असं कुणीतरी विचारणारच. आपण वर्गात तीन वर्षं शब्द आणि अर्थ यांवरच बोलतोय. केसपेपरवर डॉक्टर जे लिहितात तेही लेखनच आहे, आणि त्यातला एक शब्द बदलला की माणसाची रजा, त्याचे पैसे आणि घरच्यांचा त्याच्यावरचा विश्वास, सगळंच बदलू शकतं. म्हणून हा लेख.

आधी कोड म्हणजे काय ते सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची एक आंतरराष्ट्रीय यादी आहे, तिला आयसीडी म्हणतात. विम्याच्या क्लेम फॉर्मवर हॉस्पिटलने भरायच्या भागात तिच्या दहाव्या आवृत्तीतले कोड असतात. त्यात एम५४ म्हणजे पाठदुखी, आणि त्यातलंच एम५४.५ म्हणजे कंबरदुखी. एम४५ म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. ग्रीक 'अँकिलॉस' म्हणजे वाकलेलं आणि 'स्पॉन्डिलॉस' म्हणजे मणका. यात शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक यंत्रणाच मणक्यांना आणि माकडहाडाच्या वरच्या सांध्यांना सूज आणते. काही जणांचे मणके वर्षानुवर्षांनी एकमेकांना जुळतात आणि पाठ ताठ होऊन बसते.

दोन कोडांत आकडे तेच, फक्त उलटे. पण एम५४ हे लक्षण आहे आणि एम४५ हा आजार. 'दुखतंय' हे पेशंटने सांगायचं असतं. कागदावरही तेवढंच उतरलं तर डॉक्टरांनी त्यात काय भर घातली?

आमच्या घरातलंच उदाहरण देते. माझी मावसबहीण शिक्षिका आहे. बाविसाव्या वर्षी तिची कंबर दुखायला लागली. पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग यायची, सकाळी तासभर अंग आखडलेलं असायचं, आणि कामाला लागली की बरं वाटायचं. मिस्सामध्ये गुडघे टेकून उठताना पुढचा बाक धरावा लागायचा. चार वर्षांत तीन दवाखाने झाले. प्रत्येक कागदावर तीनच शब्द, 'लो बॅक पेन', आणि खाली गोळ्या. ती किती वाजता उठते, चालल्यावर काय होतं, हे कुणीच लिहून घेतलं नाही. शाळेत रजा मागितली तर ऑफिसातून उत्तर, "कंबर काय, सगळ्यांचीच दुखते." घरी मावशी म्हणायची, "उसण भरली असेल गं, शेक दे." शेवटी एमआरआयमध्ये सूज दिसली आणि पाचव्या वर्षी आजाराला नाव मिळालं. त्या दिवशी ताई रडली नाही. "म्हणजे मी नाटक करत नव्हते," एवढंच म्हणाली.

हे तिच्या एकटीचं नाही. या आजाराचं निदान व्हायला जगभरच सरासरी पाचापेक्षा जास्त वर्षं जातात, आणि बायकांच्या बाबतीत आणखी उशीर होतो, कारण हा पुरुषांचा आजार अशीच समजूत बरीच वर्षं होती. दुसरं कारण व्याख्येत आहे. १९८४ च्या न्यूयॉर्क निकषांत एक्स-रेवर सांध्यात बदल दिसणं आवश्यक होतं, आणि ते दिसायला कित्येक वर्षं लागतात. २००९ च्या नव्या निकषांत एमआरआयलाही जागा मिळाली. कोड मात्र मागे राहिला. एक्स-रेवर काही न दिसणाऱ्या अवस्थेसाठी अमेरिकेने आपल्या आवृत्तीत एम४५.ए हा वेगळा कोड आणला तो थेट १ ऑक्टोबर २०२१ ला.

कोड टाकणाऱ्या क्लार्कला दोष देऊन उपयोग नाही. तो निदान करत नाही, डॉक्टरांनी लिहिलेल्या शब्दाचा कोड शोधतो. कागदावर 'कंबरदुखी' असेल तर तो एम५४.५ च टाकणार.

यावर डॉक्टर मंडळी म्हणतील, बाहेर साठ पेशंट बसलेत, निबंध कधी लिहू? शिवाय घाईने एम४५ लिहिणंही धोक्याचं आहे. एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. चुकीचं नाव एकदा कागदावर आलं की विम्यात 'आधीपासूनचा आजार' म्हणून मागे लागतं, अशा आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात, आणि मुलीच्या लग्नाच्या बोलण्यातही ते निघतं. हे सगळं मला मान्य आहे. म्हणून प्रत्येक कंबरदुखीला मोठं नाव द्या असं मी म्हणत नाही.

माझं मागणं दोन ओळींचं आहे. निदान पक्कं नसेल तर 'कंबरदुखी' या शब्दापुढे एवढं लिहा: किती महिने, सकाळी किती वेळ आखडतं, हालचालीने कमी होतं की वाढतं. म्हणजे पुढच्या डॉक्टरला सुरुवात पुन्हा शून्यापासून करावी लागणार नाही. आणि काय वाटतंय, पुढे काय तपासायचं, हे एका ओळीत पेशंटच्या भाषेत लिहा. आमच्या बेळगावात पेशंट मराठीत किंवा कोंकणीत कण्हतो, नर्स कन्नडमध्ये विचारते आणि फाइल इंग्रजीत तयार होते. या प्रवासात 'सकाळी आखडतं' हे दोन शब्द नेमके गळून पडतात.

आपल्या हातातही काही आहे. हा आजार बहुतेकदा पंचेचाळिशीच्या आत, पुष्कळदा आपल्याच वयात सुरू होतो. तीन महिन्यांहून जास्त कंबर दुखत असेल, विश्रांतीने वाढत आणि हालचालीने कमी होत असेल, तर डॉक्टरांना नुसतं "दुखतंय" सांगू नका, हे सगळं सांगा. आणि दवाखान्यातून निघण्याआधी कागद उघडून बघा. तुम्ही सांगितलेलं त्यात उतरलं नसेल, तर तिथंच, नम्रपणे, "डॉक्टर, एवढं लिहाल का?" असं विचारा.