मोडलेला सण आणि शेजारधर्म

२५ मार्च २०२० रोजी गुढीपाडवा होता आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच होता. डोंबिवलीपासून गिरगावपर्यंतच्या शोभायात्रा रद्द झाल्या, मंदिरांची दारे बंद राहिली, बाजारात साखरेच्या गाठी मिळेनात. तरीही घरोघरी गुढ्या उभ्या राहिल्या. पुढे आषाढात माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुका दशमीच्या दिवशी, ३० जून रोजी, मोजक्या वारकऱ्यांसह एसटी बसने पंढरीकडे निघाल्या. ज्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या वारी चुकली नव्हती, त्यांनी त्या वर्षी घरच्या देवापुढे हरिपाठ म्हटला. भाद्रपदात सार्वजनिक मूर्तींना चार फुटांची आणि घरगुती मूर्तींना दोन फुटांची मर्यादा शासनाने घातली. १९३४ पासून चालत आलेल्या लालबागच्या मंडळाने त्या वर्षी मूर्तीच बसवली नाही. ते दिवस रक्तदान आणि रक्तद्रवदानासाठी दिले. नागपूरचा विजयादशमी उत्सव रेशीमबागेच्या मैदानाऐवजी महर्षी व्यास सभागृहात अवघ्या पन्नास स्वयंसेवकांच्या उपस्थितीत झाला.

या आठवणी उगाळण्याचे कारण वेगळे आहे. २०२० मध्ये सण मोडला तो सर्वांचा एकाच वेळी मोडला. दुःख वाटून घेतलेले असल्याने ते सोसणे त्या मानाने सुकर होते. परंतु दरवर्षी, अगदी सुबत्तेच्या वर्षीही, प्रत्येक गल्लीत अशी दोन-चार घरे असतात की ज्यांचा सण एकट्याने मोडलेला असतो. कुणाच्या घरी वर्षभरात मृत्यू झालेला असतो. कुणाचा कर्ता मुलगा अतिदक्षता विभागात असतो. कुठे वृद्ध दांपत्याची दोन्ही मुले सातासमुद्रापार असतात आणि चार माणसांच्या मापाची कढई फळीवरून खाली उतरतच नाही. शेजारी आकाशकंदील लागलेला असताना आपल्या गॅलरीतला अंधार अधिक जाणवतो.

हिंदू समाजाच्या आचारधर्माने या अवस्थेचा विचार पुष्कळ आधी करून ठेवला आहे. चतुर्थीला आशौच आले तर दुसऱ्याकडून पूजा करवून घ्यावी, तेही न जमल्यास त्या वर्षी लोप झाला तरी दोष मानू नये, असे पंचांगकर्ते सांगत आले आहेत. मूर्ती नसेल तर सुपारीवर आवाहन चालते, साहित्य नसेल तर मानसपूजा चालते. अनेक घराण्यांत सणाच्या दिवशी मृत्यू झाला की तो सण मोडला असे मानतात. पण त्याच दिवशी पुढे कधी घरात मूल जन्मले किंवा गोठ्यात गाय व्याली की तो पुन्हा सुरू होतो. परतीची वाट परंपरेनेच मोकळी ठेवलेली आहे. रूढीला केवळ जाचक म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले दिसत नाही.

त्याहून मोलाचा आहे तो फराळाचा रिवाज. दुःख झालेल्या घरी त्या दिवाळीला तळण होत नाही. मात्र ते घर फराळावाचून राहत नाही. शेजारणी, जावा, माहेरची माणसे डबे घेऊन येतात. कुणी विचारायचे नसते, त्या घराने मागायचे तर मुळीच नसते. आलेली बाई चार घटका बसते, गेलेल्या माणसाविषयी बोलते, मुलांच्या हातावर लाडू ठेवते. ‘मन प्रसन्न ठेवा’ असा उपदेश त्यात कुठेही नाही. आजकाल आनंद ही ज्याची त्याची कमाई मानली जाते आणि तो कसा मिळवावा याची पुस्तके रेल्वे स्थानकांवर विकली जातात. आपल्या आजी-पणजीने हा भार दुःखिताच्या खांद्यावर टाकलाच नव्हता. ज्याचा सण मोडला, त्याच्या दारी तो शेजाऱ्याने नेऊन द्यायचा, अशी ही वाटणी आहे.

तिची कसोटी १९७५ च्या दिवाळीत लागली होती. संघावर बंदी होती, हजारो घरांतील कर्ते पुरुष मिसाखाली स्थानबद्ध होते. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने काही ठिकाणी नातलगही उंबरठा चढेनात. अशा वेळी बाहेर राहिलेले कार्यकर्ते अशा कुटुंबांपर्यंत पोहोचत होते, मुलांच्या फीची आणि घरातल्या धान्याची चौकशी करत होते. त्या मुलांना त्या दिवाळीत काय गोड लागले असेल, हे वेगळे सांगावयास नको.

आज अडचण निराळी आहे. भीती कुणाची नाही, पण माहितीच नाही. एका इमारतीत चाळीस बिऱ्हाडे असतात आणि तिसऱ्या मजल्यावर दहाव्याचे विधी झाले हे पाचव्या मजल्याला व्हॉट्सअ‍ॅपवरून कळते. तेथेच हात जोडल्याची चित्रे पाठवून कर्तव्य उरकले जाते. दुकानातून परस्पर घरपोच केलेला मिठाईचा खोका ही त्यापुढची पायरी. खोका वाईट नव्हे. पण तो आणून देणारा मुलगा दारातूनच परततो, आणि त्या घराला हवी असते ती बसणारी माणसे.

हीच गोष्ट गावांनाही लागू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ऐन नवरात्रात सोलापूर, धाराशिव, बीड भागांत अतिवृष्टीने आणि पुराने उभे सोयाबीन पाण्यात गेले. धान्याची पोती तेव्हा अनेक ठिकाणांहून गेली आणि ती जायलाच हवी होती. पण मदत देताना छायाचित्रासाठी रांगेत उभे केलेल्या शेतकऱ्याला आपला सण परत मिळाला, असे कोण म्हणेल? घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये याची जी काळजी फराळाचा डबा नेणारी शेजारीण घेते, ती संस्थांनाही घेता येते.

शाखांनी आणि कुटुंब प्रबोधनाच्या कार्यकर्त्यांनी वसुबारसेपूर्वीच्या आठवड्यात आपापल्या वस्तीतील अशा घरांची टिपणे करावीत. वर्षभरात कुणाकडे दुःख झाले, कोण रुग्णालयात आहे, कोण एकटे राहते. प्रत्येक घरासाठी एक कुटुंब ठरवावे आणि त्या कुटुंबाने मुलाबाळांसह तेथे जावे. डबा घरचाच असावा. जाण्याआधी दूरध्वनी करून ‘येऊ का’ असे विचारू नये. अशा घराकडून उत्तर ‘नको’ असेच येते.