खांदा नवा, ओझी जुनी नकोत



गुडघ्याचा सांधा बदलून आलेली माणसे आता गावोगाव दिसतात. खांद्याचा सांधाही बदलता येतो, हे मात्र अजून पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांचा बदलला, त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: आता शेतात जाता येईल, की ओसरीवरच बसून राहायचे? उत्तर आधीच सांगून टाकलेले बरे. बहुतेकांना शेतात जाता येते. पण सावकाश, आणि कामाची रीत बदलून.

असे का, ते समजण्यासाठी खांद्याची घडण पाहू. मांडीचा सांधा खोल खोबणीत बसलेला असतो. खांद्यात दंडाच्या हाडाचा गोळा एका उथळ खोबणीवर नुसता टेकलेला असतो, चुंबळीवर घागर ठेवावी तसा. म्हणूनच हात चहूकडे फिरतो आणि म्हणूनच तो निखळतोही लवकर. या घागरीला चार स्नायू चहूबाजूंनी धरून ठेवतात.

सांधा झिजून हाडावर हाड घासू लागले किंवा पडून गोळ्याचे तुकडे झाले, तर तो बदलण्याचा सल्ला मिळतो. धातूचा गोळा आणि खास प्लास्टिकची खोबण बसवतात. पण धरून ठेवणारे स्नायूच फाटून निकामी झाले असतील, तर असा सांधा टिकत नाही. मग उलटा सांधा बसवतात: गोळा फऱ्याच्या हाडावर आणि खोबण दंडाच्या हाडावर. त्यामुळे हात उचलण्याचे काम खांद्यावरचा मोठा स्नायू पार पाडतो. ही युक्ती ग्रामाँ या फ्रेंच शल्यविशारदांनी 1985 च्या सुमारास यशस्वी केली. आपला सांधा सरळ आहे की उलटा, हे डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा. पथ्ये त्यावर ठरतात.

आणि एक. दुखणारा प्रत्येक खांदा बदलावा लागत नाही. मधुमेही माणसाचा खांदा पुष्कळदा नुसता आखडलेला असतो. तो औषधाने आणि व्यायामाने मोकळा होऊ शकतो. आधी तपासणी, क्ष-किरण फोटो, मग निर्णय.

हंगाम पाहून तारीख ठरवा

हाड मोडले असेल तर थांबता येत नाही. पण सांधा झिजलेला असेल, तर तारीख आपल्या हाती असते. मे महिन्यात शस्त्रक्रिया केली, तर ऐन पेरणीत हात झोळीत. मग माणूस बांधावर बसून तळमळतो आणि नको तेव्हा हात घालतो. खरीप आटोपल्यावर डिसेंबरच्या सुमारास केली, तर मृगाच्या पावसापर्यंत सहा महिने हाती मिळतात. ज्यांचे रब्बीचे काम मोठे, त्यांनी आपला हिशेब आपण मांडावा. तारखेआधी रक्तातील साखर ताब्यात आणावी. विडी, तंबाखू, मिश्री बंद करावी. जखम भरायला त्यांची आडकाठी होते. दवाखाना सरकारी योजनेत असेल, तर खर्चापैकी काय बसते ते तिथल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावे.

महिन्यांचा हिशेब

पहिले चार ते सहा आठवडे हात झोळीत राहतो. या काळात त्या हाताने चहाच्या कपापेक्षा जड काही उचलू नये. बोटे, मनगट आणि कोपर मात्र हलवत राहावे. झोपताना पाठीशी उशा रचून अर्धवट बसते व्हावे आणि कोपराखाली उशी घ्यावी. सदरा घालताना आधी शस्त्रक्रियेचा हात बाहीत घालावा. काढताना तो शेवटी काढावा.

आपल्याकडे जमिनीवर बसण्याची रीत, आणि उठताना हात टेकून जोर देण्याची सवय. इथेच घात होतो. पहिले तीन महिने त्या हातावर भार देऊन उठू नये. खाट किंवा उंच खुर्ची वापरावी, शौचासाठीही खुर्चीची सोय करावी. त्या हाताने पाठीमागे साडी खोचणे किंवा सदरा आत सारणेही टाळावे. उलट्या सांध्यात अशा हालचालीने गोळा निखळू शकतो.

सहा आठवड्यांनंतर डॉक्टरांच्या परवानगीने हात स्वतःच्या बळावर उचलायला शिकायचे. जोर वाढवण्याचे व्यायाम साधारण तीन महिन्यांनंतर. व्यायाम शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडे दर खेपेला तालुक्याला जाणे जमत नसेल, तर त्याच्याकडून आठवड्याचा पाठ करून घ्या आणि घरी रोज करा. दुखणे गेले म्हणजे खांदा तयार झाला, असे समजू नका. दुखणे आधी जाते, बळ मागून येते. पूर्ण सुधारणा व्हायला वर्षसुद्धा लागते.

कोणते काम केव्हा?

शिवारात पायी फेरी मारणे पहिल्या काही आठवड्यांतच सुरू करता येते. फक्त ओल्या बांधावरून नको. पडणे हा या सांध्याचा मोठा वैरी.

कोपर अंगाशी ठेवून, कमरेच्या उंचीवर होणारी कामे आधी परततात: भाजी निवडणे, रोपांच्या पिशव्या भरणे, पुढे धार काढणे. खुरपणी चार-सहा महिन्यांनी, तीही थोडी थोडी आणि हात बदलून. ट्रॅक्टरवर चढताना त्या हाताने अंग ओढून घेऊ नये. मोटारसायकलीची घाई नको.

काही कामांना मात्र कायमचा रामराम करावा. कुऱ्हाड, घण, टिकाव यांचा घाव थेट सांध्यात उतरतो. युरियाची गोणी 45 किलोची, डीएपीची 50 किलोची. ती त्या खांद्यावर पुन्हा घेऊ नये. सोळा लिटरचा फवारणी पंप भरला की पाण्याचेच सोळा किलो होतात आणि पट्टा नेमका खांद्यावर येतो. चार्जिंगच्या पंपाने दांडा मारणे वाचते, ओझे वाचत नाही. कासरा किंवा दावे मनगटाला गुंडाळून जनावर धरू नये. बैल एकदा बुजला की एका हिसक्यात सगळे संपते. किती किलोपर्यंत उचलावे, तो आकडा आपल्या डॉक्टरांकडून घ्यावा.

घरच्यांसाठी दोन शब्द

पुरुषाचा हात झोळीत असला की घर जपते. बाईची झोळी सुटली की मात्र दुसऱ्या दिवशी हंडा तिच्यापुढे येतो. ती नाही म्हणत नाही, आणि कुणी विचारत नाही. पाणी, सरपण, वैरणीचा भारा ही कामे सहा महिने कोण करणार, हे शस्त्रक्रियेआधीच घरात बसून ठरवा. वेणी घालायलाही तिला कुणीतरी लागेल. कर्त्या माणसाला दुसऱ्याने गोणी उचललेली पाहून कमीपणा वाटतो. त्याच्याकडे बियाणे, पाण्याच्या पाळ्या, बाजाराचा हिशेब सोपवा. शेतात त्याची गरज खांद्यापेक्षा डोक्याची अधिक आहे, हे त्याला दिसू द्या.

जखम लाल होणे, पाणी किंवा पू येणे, ताप, हात एकाएकी उचलेनासा होणे, आकार बदललेला दिसणे, यांपैकी काही झाले तर लेप लावत बसू नका आणि चोळून घेऊ नका. त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना गाठा. जंतूंचा त्रास काही वेळा महिन्यांनी, वर्षांनीही डोके वर काढतो. बरा झालेला खांदा पुन्हा दुखू लागला, तर तेही सांगा.

नवा सांधा वर्षानुवर्षे साथ देतो. धार काढायला, रोप लावायला, नातवाला मांडीवर घ्यायला तो पुरेसा आहे. गोणीसाठी ढकलगाडी आणा.